खिळ्यावरचे एकोणीस रविवार

मित्रांनो, आज मी म्हातारी कुबडी म्हणून तुमच्यापुढे उभी असले, तरी जन्माने मी शिडी आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण मला आता लपवाछपवीचा वीट आला आहे. एकोणीस रविवार मी लपवाछपवीत काढले. एका जन्माला तेवढे पुरे झाले.

माझा मालक पाट्या रंगवायचा. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या. त्याला खरं नाव होतं, पण सगळे त्याला पेंटरच म्हणत. त्याची बायकोसुद्धा रागावली की "ओ पेंटर!" म्हणायची. मला चौदा पायऱ्या होत्या. पेंटर रोज सकाळी मला भिंतीला टेकवायचा, दुसऱ्या पायरीवर हात ठेवायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "प्रभू, हात स्थिर ठेव." मग वर चढून तो अक्षरांशी गप्पा मारायचा. "काय हो, तुमचं पोट सुटलंय," असं म्हणून एखाद्या गोल अक्षराची कड बारीक करायचा. मी खाली ऐकत उभी असायची. कामाचे दिवस होते ते, मजेचे होते.

माझी नववी पायरी आतून कुजली होती. मला ते कळत होतं. पेंटरलाही कळत होतं, कारण तिच्यावर पाय ठेवला की ती कुरकुरायची. त्याचा मेहुणा सुतार. एकदा त्याने त्या पायरीवर नखाने टोचून पाहिलं आणि म्हणाला, "दाजी, ही आजच बदलून देतो. पाच मिनिटांचं काम आहे."

"उद्या बघू रे. आज दवाखान्याची पाटी द्यायचीय," पेंटर म्हणाला. "प्रभू सांभाळतो."

"प्रभू सांभाळतो, दाजी, पण खिळा सुतारालाच मारावा लागतो."

पेंटर हसला आणि मला खांद्यावर टाकून निघाला. दवाखान्याच्या दारावर तो शेवटचं अक्षर भरत होता. काम चांगलं झालं का हे पाहायला तो एक पायरी खाली उतरला, आणि ती नववी होती. पुढचं मला नीट सांगवत नाही. कडकन आवाज झाला. तो माझा होता असं मला आधी वाटलं. पण दोन आवाज होते. एक माझा, एक त्याच्या नडगीचा.

बरं, दवाखान्याच्या दारातच पडल्यामुळे दवाखाना शोधावा लागला नाही. हा विनोद पेंटरचाच आहे, माझा नाही. त्याने तो प्लास्टर ओलं असतानाच केला. डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "हाड दोन ठिकाणी मोडलंय. सहा महिने या पायावर जराही भार द्यायचा नाही. धीर धरलात तर सरळ जुळेल. घाई केलीत तर वाकडं जुळेल, मग आमच्याकडे रडत येऊ नका."

पेंटरच्या बायकोने माझ्याकडे पाहिलं तेव्हा तिच्या डोळ्यांत आग होती. "दादा, जाळून टाक ती शिडी," ती भावाला म्हणाली. सुताराने मला उलटंपालटं करून पाहिलं, बोटाने टकटक केलं. "एक पायरी वाईट होती गं. बाकी लाकूड सोन्यासारखं आहे," तो म्हणाला. मग त्याने करवत घेतली. माझ्या लांब पायापासून त्याने कुबडी घडवली, रंधा मारला, वर आडवी पट्टी बसवली, हाताशी मूठ बसवली, खाली रबराचं बूच ठोकलं. वरच्या पट्टीवर पेंटरच्या बायकोने त्याच्या जुन्या सदऱ्याची घडी शिवली. तिच्यावर निळ्या रंगाचे डाग होते. ती शिवताना ती मला हळूच म्हणाली, "या वेळी पाडलंस तर बघ." मित्रांनो, इतक्या प्रेमाची धमकी मला त्याआधी कुणी दिली नव्हती.

पहिले दिवस पेंटर मला नुसता हातात धरायचा. भार टाकायचाच नाही. एका पायावर उड्या मारत भिंतीला धरून चालायचा, आणि मी त्याच्या बाजूने पाहुणीसारखी जायची. त्याचं काय चुकलं? जिने पाडलं, तिच्यावर कोण टेकेल? पण एके दिवशी दारात त्याचा तोल गेला आणि त्याने सगळं अंग माझ्यावर टाकलं. मी डगमगले नाही. तेव्हापासून त्याला माझा भरवसा वाटू लागला. मला शास्त्र वाचता येत नाही, पण एक गोष्ट मी अंगावर शिकले आहे. कोण मला नुसतं हातात धरतो आणि कोण माझ्यावर टेकतो, हे मला लगेच कळतं.

आणखी एक कबूल करते. मला तो बरा व्हावा असं वाटायचं, पण जरा उशिराच. तो बरा झाल्यावर मला कोण विचारणार? मी त्या विचाराने मनात झुरायची. मला त्याची लाज वाटते, पण लाज वाटते म्हणून गोष्ट खोटी होत नाही.

तिसरा महिना संपत आला तेव्हा आमच्या चर्चमध्ये प्रार्थनासभा भरली. आमचे पाळकसाहेब म्हणजे काडीसारखे बारीक गृहस्थ, डोळ्यांवर बाटलीच्या बुडासारखा चष्मा आणि त्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्यांना लबाड समजू नका. पेंटर दवाखान्यात होता तेव्हा ते रोज त्याच्या खाटेशी बसायचे, त्याला पाणी पाजायचे, त्याचं भांडंसुद्धा उचलायचे. त्या सभेआधी त्यांनी तीन दिवस उपास केला होता. पाण्याचा थेंब घेतला नव्हता. सभेत त्यांचा आवाज कापत होता. "ज्याचा विश्वास आहे त्याने उठावं!" ते म्हणाले. "प्रभू आज इथे आहे!"

लोक गात होते, रडत होते. पेंटरच्या तळहाताला घाम फुटलेला मला मुठीत कळत होता. तो उठला. त्याने मला बाजूला टाकलं आणि मी फरशीवर आपटले. खालून मी त्याचे पाय पाहिले. त्याने एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. तिसरं, चौथं. त्याच्या तोंडावर वेदना नव्हती, मी शपथेवर सांगते. मग पाळकसाहेबांनी धावत येऊन त्याला मिठी मारली, आणि सगळं चर्च "हालेलूया" म्हणून गर्जलं. पाचवं पाऊल कुणी पाहिलंच नाही.

पाळकसाहेबांनी मला दोन्ही हातांनी डोक्यावर उचललं. पुढच्या रविवारी त्यांनी स्वतः भिंतीवर खिळा ठोकला, तोही उंच, शेवटच्या बाकावरच्यालाही दिसावा असा. त्या खिळ्यावर मला टांगलं. देवाने बरं केल्याची साक्ष म्हणून. खाली पाटी हवीच होती, आणि गावात पाट्या रंगवणारा एकच होता.

त्या गुरुवारी दुपारी पेंटर ती पाटी घेऊन चर्चमध्ये आला. टेबलावर पाटी ठेवून खुर्चीत बसून तो रंगवू लागला. त्याची बायको त्या आठवड्यात झाडलोटीच्या पाळीवर होती. झाडता झाडता ती थांबली.

"अहो, पाय सुजलाय तुमचा."

"दिसायला सुजलाय. विश्वासाने बरा आहे."

"मग विश्वासाला सांगा बूट चढवायला. सकाळी मी अर्धा तास ओढत होते."

"हळू बोल गं! कुणी ऐकेल."

"कोण ऐकतंय? ही कुबडी?"

मी ऐकत होते. पेंटरने ब्रश खाली ठेवला. "त्या दिवशी चार पावलं खरंच दुखलं नाही," तो म्हणाला. "देवाशपथ. मी खोटं बोललो नाही."

"मी कुठे खोटं म्हणतेय? पण पाचव्या पावलाचं काय?"

तो म्हणाला, "आता सांगितलं तर लोक म्हणतील, याचा विश्वास कमी पडला. आणि पाळकसाहेब? माझ्यासाठी माणूस तीन दिवस पाण्यावाचून राहिला. त्यांना कोणत्या तोंडाने सांगू?"

"दवाखान्यात तरी चला."

"दवाखान्यात गेलो म्हणजे देवावर भरवसा नाही असंच झालं ना."

"असं पाळकसाहेब म्हणाले का?"

"नाही."

"मग कोण म्हणालं?"

कुणीच म्हणालं नव्हतं, मित्रांनो. हीच तर गंमत. "पाळकसाहेबांचा चष्मा अजून कसा टांगला नाही भिंतीवर?" असं पुटपुटत ती पुन्हा झाडू लागली. पेंटरने पाटी पूर्ण केली. 'प्रभूने बरे केले.' अक्षरं नेहमीसारखी सुबक होती, फक्त शेवटच्या अक्षराची रेघ जरा थरथरली होती. ते माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात आलं नाही.

मग ते रविवार सुरू झाले. मला इतका मान कधी मिळाला नव्हता, आणि मी इतकी निरुपयोगी कधीच झाले नव्हते. परगावचे पाहुणे आले की त्यांना माझ्यासमोर उभं करत. आया मुलांना उचलून मला दाखवत. कुणी खालच्या भिंतीला हात लावून डोळे पुसत. इकडे माझ्या रबराच्या बुचाला चिरा पडल्या, मुठीला कोळ्याने जाळं लावलं. ज्या सदऱ्याच्या घडीवर पेंटरचा घाम असायचा तिच्यावर धूळ बसली.

मी वरून त्याची पावलं मोजायची. माझं दुसरं काम तरी काय होतं? दारापासून तिसऱ्या बाकापर्यंत आधी बावीस पावलं व्हायची. चौथ्या रविवारी सव्वीस झाली. मग तो सगळ्यांच्या आधी येऊन बसू लागला आणि सगळे गेल्यावर उठू लागला, म्हणजे चालताना कुणी पाहायला नको. सगळे उभे राहून गात तेव्हा त्याचं गीतांचं पुस्तक हटकून खाली पडायचं, आणि ते शोधायला त्याला पूर्ण गाणं लागायचं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. पाळकसाहेबांनी त्याला चारदा साक्ष द्यायला उभं केलं. पहिली साक्ष चांगली दहा मिनिटं चालली. चौथ्या वेळी तो एवढंच म्हणाला, "देव चांगला आहे," आणि खाली बसला. लोकांना वाटलं, काय नम्र माणूस आहे!

मला ओरडून सांगावंसं वाटायचं, की अरे, तो खुरडतोय, त्याचा उजवा तळवा फरशीला घासतोय, कान असतील तर ऐका. पण लाकडाला तोंड नसतं. मी नुसती टांगून राहिले, आणि टांगून राहणं हेच माझं खोटं बोलणं होतं. दर रविवारी मी तीस-चाळीस घरांना एकदम फसवायची. प्रार्थनेच्या वेळी पेंटर मान खाली घालायचा, आणि त्याचे ओठ हलायचे नाहीत. सगळ्या चर्चमध्ये तो एकटाच असायचा ज्याला देवाशी बोलायची भीती वाटत होती, आणि सगळ्यांत मोठा विश्वासणारा म्हणून बोट त्याच्याकडेच जायचं.

अठराव्या रविवारी बटणवाल्या आजी माझ्याखाली येऊन उभ्या राहिल्या. बाजारात त्यांचं बटणं आणि दोऱ्याच्या रिळांचं खोक्याएवढं दुकान होतं. त्यांना मधुमेह होता, दिवसातून दोनदा इन्शुलिनची सुई टोचून घ्यायच्या. त्यांनी पिशवीतून सुईची पत्र्याची छोटी डबी काढली.

"पाळकसाहेब, माझीही डबी टांगा. परवापासून सुई बंद केलीय मी."

पाळकसाहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी चष्मा काढून पुसला. "आजी, डॉक्टरांना विचारलंत का?"

"पेंटरने विचारलं होतं का?" आजी म्हणाल्या.

भोवतालच्या बायका "आमेन" म्हणाल्या. कुणीतरी आजींच्या पाया पडायला वाकलं. मी वरून पाळकसाहेबांना चुळबुळताना पाहत होते. ते काहीतरी म्हणणार होते. त्यांचं तोंडही उघडलं होतं. पण नंतर त्यांनी माझ्याकडे पाहिलं, खालच्या पाटीकडे पाहिलं, आणि तोंड मिटलं. मग अगदी हळू आवाजात ते म्हणाले, "पेंटर, पुढच्या रविवारी एक लहान पाटी लागेल."

मी खिळ्यावर थिजले. मी एकदा एका माणसाला पाडलं होतं. आता भिंतीवर बसल्या जागी दुसऱ्याला पाडणार होते, आणि हा पडणारा जीव सत्तरीचा होता.

शनिवारी दुपारी पेंटर कोरी पाटी घेऊन आला. त्याने खडूने रेघा मारल्या, रंगाचा डबा उघडला, ब्रश बुडवला आणि पाटीवर धरला. रंगाचा एक थेंब पाटीवर पडला. दुसरा पडला. ब्रश काही टेकला नाही. मग त्याने ब्रश डब्यात टाकला, दोन्ही हातांनी गुडघा धरला आणि रडू लागला.

"प्रभू, पाय दुखतो," तो म्हणाला. "फार दुखतो. उठताना दुखतो, बसताना दुखतो. तुला माहीत आहे. तुला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. मी कुणापासून लपवत होतो?"

अठरा रविवारांत त्याच्या तोंडून निघालेली ती पहिली प्रार्थना होती. त्या आठवड्यात झाडलोटीची पाळी पुन्हा बायकोकडे होती; ती झाडू टाकून त्याच्याजवळ येऊन बसली. काही बोलली नाही. एरवी तिच्या जिभेला हाड नव्हतं, पण गप्प कधी बसावं हे तिला कळायचं.

थोड्या वेळाने पेंटर उठला, कोपऱ्यातली चर्चची शिडी ओढत आणली आणि मला काढायला चढू लागला. पहिल्याच पायरीवर त्याचा पाय दुमडला.

"उतरा!" ती किंचाळली. "एकदा पुरे नाही झालं का? आजींना मी आत्ता जाऊन सांगते."

ती गेली आणि तासाभराने परत आली. आजी तिला म्हणाल्या होत्या, "तुझी जीभ तिखट आहे हे सगळ्यांना माहीत आहे. तुझ्या नवऱ्याने त्या कुबडीखाली उभं राहून सांगितल्याशिवाय मी सुईला हात लावणार नाही."

"मग मी आत्ता जातो त्यांच्याकडे," पेंटर म्हणाला.

"दुकान बंद करून त्या परगावी भाचीकडे गेल्या. सकाळी थेट चर्चमध्ये येतील."

म्हणजे एक अख्खी रात्र वाट पाहायची होती. मला जन्मात इतकी लांब रात्र लागली नाही.

एकोणिसाव्या रविवारी पेंटर उशिरा आला. मुद्दाम उशिरा आला. सगळे बसले होते, आणि तो दारातून चालत निघाला, लपवत नव्हता, पाय ओढत होता, प्रत्येक बाकाला हात लावत होता. गाणं मध्येच विरलं. मी पावलं मोजली. एकेचाळीस झाली. आजी पहिल्या बाकावर होत्या, ओठ सुकलेले, हातात पाण्याची बाटली आणि मांडीवर ती डबी. पेंटर माझ्याखाली येऊन थांबला.

"माझा पाय बरा झालेला नाही," तो म्हणाला. "त्या दिवशी चार पावलं दुखलं नाही, ते खरं. पाचव्यापासून दुखतोय, तेही खरं. मी पहिलं सांगितलं आणि दुसरं पोटात ठेवलं. आजी, तुम्ही माझ्यामुळे सुई सोडलीत. हात जोडतो, सोडू नका."

मागून कुणीतरी म्हणालं, "विश्वास कमी पडला असेल."

"असेल कमी," पेंटर म्हणाला. "जेवढा आहे तेवढा घेऊन आलोय. देवाने पाय बरा केला तरच तो माझा, असा सौदा मी केला होता, आणि सौदा मोडला म्हणून लाजत होतो. आता पाय असाच आहे आणि मी त्याचाच आहे. फक्त मला खोटं उभं राहता येत नाही."

तो भिंतीला टेकला, नाहीतर पडला असता. पाळकसाहेब जागच्या जागी उभे होते. मला वाटलं ते रागावतील. वाटलं ते समजावतील, झाकपाक करतील, झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतील. ते चालत कोपऱ्यात गेले आणि शिडी घेऊन आले.

"खिळा मी ठोकला," ते म्हणाले. "उतरवायचंही मीच."

ते चढू लागले, पण डोळ्यांतल्या पाण्याने चष्मा धुरकट झाला, म्हणून त्यांनी तो काढला, आणि मग त्यांना पायरीच दिसेना. पाय हवेत चाचपडू लागला.

"साहेब, आधी चष्मा लावा!" पेंटरची बायको ओरडली. "नाहीतर सुताराला दुसरी कुबडी करावी लागेल!"

कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग सगळं चर्च हसलं. खूप दिवसांनी त्या छताखाली कुणी खरं हसलं. पाळकसाहेब शिडीवर चष्मा हातात घेऊन थांबले. ते हसत नव्हते.

"मी रोज हा चष्मा लावून शास्त्र वाचतो," ते म्हणाले. "देवाने दिलेली मदत म्हणून लावतो. आणि याच्या हातातली मदत काढून मी भिंतीवर टांगली. मला वाटलं, देवाला साक्ष हवीय. देवाला नको होती. मलाच हवी होती."

त्यांनी चष्मा लावला, वर आले आणि मला खिळ्यावरून काढलं. माझ्यावरचं कोळ्याचं जाळं त्यांनी स्वतःच्या बाहीने पुसलं. खाली उतरून त्यांनी मला पेंटरच्या काखेखाली ठेवलं, आणि त्याने सगळं अंग माझ्यावर टाकलं. बुचाला चिरा होत्या, मी वाळून हलकी झाले होते. पण मी त्याला धरलं.

गोष्ट इथे संपली असती तर किती बरं झालं असतं! पण कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही हे खरं असलं, तरी सत्य बाहेर आलं म्हणून झालेलं नुकसान भरून येत नाही. आजींना सुताराने तिथूनच दवाखान्यात नेलं. पायाला एक जखम आधीपासून होती, ती या दिवसांत चिघळली होती. त्यांच्या पायाची दोन बोटं कापावी लागली. जीव वाचला. पेंटर त्यांना भेटायला गेला तेव्हा मी त्याच्याबरोबर होते.

"आठवडाभर आधी बोलला असतास तर माझी बोटं राहिली असती," आजी म्हणाल्या.

"हो, आजी," पेंटर म्हणाला. त्याने कारण सांगितलं नाही, देवाचं नावही पुढे केलं नाही. आजींनी भिंतीकडे तोंड फिरवलं, आणि पुढे दोन महिने त्या त्याच्याशी बोलल्या नाहीत. मग एका रविवारी त्या त्याच्या बाकावर येऊन बसल्या, म्हणाल्या, "सरक जरा," आणि त्यांनी आपली काठी माझ्याशेजारी ठेवली. तेवढंच. तेवढ्यावर पेंटर दिवसभर खुशीत होता.

डॉक्टरीणबाईंनी पायाचा फोटो काढला. हाड जुळलं होतं, पण वाकडं. उजवा पाय दोन बोटं आखूड झाला. आणखी तीन महिने माझ्यावर टेकला असता तर कदाचित तो मला माळ्यावर टाकून पळत गेला असता. आता तो मला जन्मभर सोडू शकत नाही. मला वाटायचं ना, की त्याने उशिरा बरं व्हावं? माझी इच्छा पुरी झाली, आणि ती मला गोड लागत नाही. पेंटर आता शिडीवर चढत नाही. घरात टेबलावर पाट्या रंगवतो, सुतार त्या टांगून येतो, आणि प्रत्येक वेळी शिडीच्या पायऱ्या नखाने टोचून बघतो.

चर्चमधली पाटी काढली, पण खिळा तसाच आहे. एका बाईंनी तो उपटायला सांगितलं, तर पाळकसाहेब म्हणाले, "राहू दे. बोलायला उभा राहिलो की मला समोर दिसायला हवा." आता कुणी आजारी माणूस प्रार्थनेला आला, की ते डोक्यावर हात ठेवून मनापासून प्रार्थना करतात, पूर्वीसारखीच, रडून करतात. आणि आमेन म्हटल्यावर विचारतात, "औषध घेतलंस का?"

मित्रांनो, मी लाकूड आहे, मला उपदेश शोभत नाही. पण तुमच्या घरात एखादी पायरी कुरकुरत असेल तर आजच बदला, आणि देवाचं नाव घेऊन ती उद्यावर ढकलू नका. कुणाला आधार लागत असेल तर त्याला लाजवू नका, त्याचा आधार काढून शोभेला टांगू नका. आणि दुखत असेल तर दुखतंय म्हणा, आधी देवाला, कारण त्याला माहीतच असतं, आणि मग माणसांना, कारण त्यांना माहीत नसतं.

आम्ही दर रविवारी तिसऱ्या बाकाशी उभे असतो. पेंटरला गुडघे टेकता येत नाहीत, म्हणून तो उभ्यानेच प्रार्थना करतो. प्रार्थना सुरू झाली की त्याला दोन्ही हात जोडायचे असतात, म्हणून तो माझी मूठ सोडतो. डोळे मिटतो. हात जोडतो. ज्या लाकडाने एकदा त्याला पाडलं, त्याच लाकडावर काखेतून सगळा भार टाकतो आणि ओठ हलवू लागतो. मी हलत नाही. आमेन होईपर्यंत मी जराही हलत नाही.